जवळचं टार्गेट

“आज कोणीच आपलं धनुष्य हातात घ्यायचं नाही,” हर्षदा म्हणाली, आणि आठवडाभर टाका टाका घालत आणलेला माझा बेत तिथल्या तिथं उसवला.

बेत काही मोठा नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. ‘गुरुजी, नका जाऊ.’ एवढंच. पिको मशीनवर बसल्या बसल्या मी ते इतक्यांदा पुटपुटले होते की एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, “मंदाताई, कोणता जप धरला?”

“म्हणजे कसं?” चौगुले भाऊंनी हर्षदाला विचारलं.

“म्हणजे अदलाबदल. गुरुजींचा शेवटला रविवार आहे ना. दरवेळी काय तेच ते करायचं? माझं धनुष्य गुरुजी घेतील, गुरुजींचं मी. चौगुले सरांचं मंदाताई, आणि मंदाताईंचं चौगुले सर.”

“माझं ताईंना?” चौगुले भाऊंनी आपल्या धनुष्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “झेपंल का ओ? जड आहे ते.”

“त्या धनुष्यापेक्षा मी जास्त जेवते, भाऊ,” मी म्हणाले.

हर्षदा हसली. गुरुजी हसले नाहीत. ते बाणांची पिसं बोटांनी सारखी करत होते आणि ती आधीच सारखी होती.

परतवाड्याच्या बाहेर, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मागं हे पटांगण होतं. मालकाला तेव्हा त्याचं काही करायचं नव्हतं म्हणून आम्हाला मिळालं होतं. आता तिथं मंगल कार्यालय झालंय. आम्ही चौघं दर रविवारी सकाळी जमायचो. हर्षदा भुयार ही शाळेत पीटी शिकवायची, विद्यापीठाकडून खेळलेली. तिचं धनुष्य स्पर्धेतलं, रिकर्व्ह म्हणतात ते. टोकं पुढं वळलेली, समोर लांब दांड्या, नेम धरायला बाजूला काटा. चौगुले भाऊ बँकेत होते, कोल्हापूरकडचे. बदली होऊन इकडे आलेले, बायको-मुलं तिकडंच. त्यांचं धनुष्य कंपाउंड. दोन्ही टोकांना चाकं आणि चाकांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी सायकल खोलून ठेवली आहे. आणि कासदेकर गुरुजींचं म्हणजे बांबूचा साधा कामठा. माझंही तेच. त्यांनीच करून दिलेलं, माझ्या हातांच्या बेतानं, आखूड.

गुरुजी मेळघाटातल्या कोरकू आदिवासी घरातले. त्यामुळे नवं माणूस मैदानावर आलं की त्याला वाटायचं, यांना हे जन्मापासूनच येत असणार. गुरुजी शांतपणे सांगायचे, “माझ्या वडिलांना मी मास्तर व्हायला हवा होतो. कामठ्याला हात लावला की छडी मिळायची. पेन्शन सुरू झाल्यावर शिकलो.” आणि खरंच, त्यांचा नेम काही फार चांगला नव्हता. माझ्याहून बरा, इतकंच.

मी यात आले ती दोरीमुळे. हर्षदा एकदा माझ्या शिलाईच्या दुकानात धनुष्याची दोरी घेऊन आली. जिथं बाण अडकवतात तिथला वरचा दोरा सुटला होता. “ताई, घट्ट गुंडाळून देता का?” मी दिलं गुंडाळून, आणि ते टिकतं का बघायला रविवारी मैदानावर गेले. ते टिकलं. मीही टिकले. शिकवलं मला कोणी नाही. उभं कसं राहायचं ते हर्षदाकडे बघून उचललं, सोडायचं कसं ते गुरुजींकडे बघून, आणि चुकल्यावर काय बोलायचं ते चौगुले भाऊंकडून.

धनुष्यं वेगवेगळी असली तरी उभं सगळ्यांनी चुन्याच्या एकाच रेषेवर राहायचं. टार्गेटं मात्र कमीजास्त लांब. हर्षदाचं सगळ्यात लांब, जिनिंगच्या भिंतीपाशी. चौगुले भाऊंचं त्याच्या अलीकडे. गुरुजींचं आणि माझं एकच, जवळ, पेंढ्याचा दोर गुंडाळून केलेलं. सगळ्यांचे बाण मारून झाले की हर्षदा शिट्टी वाजवायची आणि आम्ही एकदम निघायचो. आपापल्या टार्गेटपाशी जाऊन बाण काढायचे आणि सगळ्यात लांबचं माणूस परत फिरून येईपर्यंत तिथंच थांबायचं. आधी कोणी रेषेवर परतायचं नाही. परतलेल्या माणसाचा हात आपोआप धनुष्याकडे जातो आणि समोर अजून कोणी आहे हे तो विसरतो, असं हर्षदाचं म्हणणं. त्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नसे.

म्हणजे दर फेरीला मी आणि गुरुजी त्या जवळच्या टार्गेटपाशी नुसते उभे. बाण काढायला कितीसा वेळ लागतो? मग ती दोघं लांब जाऊन, बाण काढून, कोणाचा मधोमध लागला यावर वाद घालत परत येईपर्यंत आम्हाला काही काम नसायचं.

आमचं काय ते बोलणं तिथंच. रस्त्यात भेटले तर गुरुजी नमस्कार करून पुढं जायचे. दुकानात कधी आले नाहीत. पण टार्गेटपाशी पहिल्या फेरीला विचारायचे, “काल काय भाजी?”

एकटीच्या घरात हा प्रश्न कोणी विचारत नाही. आई गेल्यापासून मी कित्येक दिवस चहात पोळी बुडवून काढले होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, “वांग्याची.” त्यावर ते म्हणाले, “भरून की फोडी?” आता भरून की फोडी हे विचारणाऱ्या माणसाशी किती खोटं बोलणार? मग मी शनिवारी खरोखरची भाजी करायला लागले, रविवारी सांगता यावी म्हणून. पुढं पुढं शुक्रवारीही करायला लागले. न जाणो, परवाची विचारली तर.

सोबत, संसार असले शब्द माझ्या मनात नव्हते. निदान आठवड्यातले बरेचसे दिवस नसायचे.

मग एका रविवारी बाणाची माती पुसता पुसता ते म्हणाले होते, “नाशिकला चाललो मुलीकडे. कायमचा. ती म्हणते, एकटे कशाला राहता.”

माझ्या हातात त्यांचाच एक बाण होता. तो मी त्यांना दिला.

“बरं आहे की,” मी म्हणाले. हे बोलायला तोंड पुरतं, माणूस लागत नाही.

नंतर घरी जाऊन विचार केला की मी असं काऊन म्हटलं असेल. त्यातून तो बेत निघाला. शेवटला रविवार, पहिली फेरी, जवळचं टार्गेट आणि ते वाक्य. त्यांनी भाजी विचारायच्या आत बोलून मोकळं व्हायचं, कारण भाजीचा विषय निघाला की मी पुन्हा शहाण्यासारखी बोलायला लागले असते.

आणि आता या बाईनं अदलाबदल काढली होती. गुरुजी तिचं धनुष्य घेणार म्हणजे बाण काढायला पार जिनिंगच्या भिंतीपाशी जाणार.

“एकेकानं मारा. बाकीचे मागं उभे राहून बघतील,” हर्षदा म्हणाली. “बाण सगळ्यांचं झाल्यावर काढू. गुरुजी, या.”

गुरुजींनी तिचं धनुष्य उचललं, उलटसुलट करून बघितलं. “मॅडम, याला शिंगं फार आहेत.”

“ते तोल सांभाळायला आहेत, गुरुजी.”

“मी आजवर पायांनी सांभाळत होतो.”

त्यांचा पहिला बाण टार्गेटच्या कितीतरी वरून गेला आणि जिनिंगच्या पत्र्यावर खण्णकन वाजला.

“लागला,” गुरुजी म्हणाले.

“कशाला लागला, बापा?”

“इमारतीला. लहान नाही ती.”

दुसरा गवतात गेला. तिसरा टार्गेटच्या अगदी कडेला जाऊन रुतला आणि गुरुजींनी वळून बघितलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग हर्षदाकडे. निदान मला तसं वाटलं. असलं काहीबाही मला तेव्हा फार वाटायचं.

मग हर्षदानं गुरुजींचा कामठा घेतला आणि जवळच्या टार्गेटसमोर उभी राहिली. दोरी हनुवटीला लावली, आणि तशीच थांबली.

“अवो गुरुजी, काटाच नाही. बघू कुठून?”

“टार्गेटकडे बघा.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

विद्यापीठाची खेळाडू, पण पहिला बाण टार्गेटच्या अलीकडे गवतात घुसला. दुसरा त्याच्या शेजारी.

“मॅडम, शाळेत सांगू नका,” चौगुले भाऊ म्हणाले. “दुसऱ्या दिवशी खो-खोवर टाकतील.”

“तुमची पाळी येऊ द्या, सर. मग बघते.”

तिसरा बाण टार्गेटला लागला तेव्हा ती खाली बसून हसत सुटली. गुरुजीही हसत होते, डोळे पुसत. दुसऱ्याच्या धनुष्यानं नेम चुकला की लाज दुसऱ्याची, त्यामुळे सगळे मोकळे झाले होते. तशी सकाळ आम्हाला त्याआधी मिळाली नव्हती. मीही हसत होते. एकीकडे मनात मोजत होते की आता बाण काढायला कोण कुठं जाणार, आणि ते वाक्य कुठं बसवायचं.

माझी पाळी आली. चौगुले भाऊंनी पान्यानं त्यांचं धनुष्य सैल केलं, माझ्या मनगटाला पट्टा बांधला आणि त्याचा आकडा दोरीला अडकवला.

“ह्या खटक्याला मी सांगेपर्यंत बोट लावायचं न्हाई. ओढा आता. सुरुवातीला जड लागंल, मग एकदम हलकं होतंय. आणि शेवटाला भिंत लागती.”

“कसली भिंत?”

“म्हणजे पुढं ओढतच न्हाई ओ ते. आपोआप अडतंय. आपण नुसतं ओढत जायचं. थांबायचं कुठं ते धनुष्यच सांगतंय.”

“सुखी आहात,” मी म्हणाले.

मी ओढलं. हनुवटी गेली, कान गेला, खांदा कुरकुरला. चौगुले भाऊ चांगले उंच, धनुष्य त्यांच्या हातांच्या मापाचं. भिंत यायच्या आधी माझे हात संपले.

“आली का भिंत?”

“माझीच आली,” मी दात आवळून म्हणाले.

त्यांनी माझं कोपर धरून दोरी सावकाश परत जाऊ दिली. बाण काही सुटला नाही.

“मंदाबाईंना नाही जमायचं ते,” गुरुजी मागून म्हणाले. “लांब हाताच्या माणसाचं आहे.”

मैदानावर सगळे मला ताई म्हणत. गुरुजी एकटेच मंदाबाई म्हणत. त्यावर मी पुष्कळ विचार केलेला होता.

“आता माझं बघा,” चौगुले भाऊ म्हणाले आणि माझं धनुष्य त्यांनी उचललं. त्यांच्या हातात ते खेळण्यासारखं दिसत होतं. “फुलागत हलकं की ओ ताई हे.”

“हनुवटीपर्यंतच ओढा, चौगुले,” गुरुजी म्हणाले.

“हां हां.”

ते हो म्हणाले आणि त्यांनी खरंच ऐकलंही होतं. पण इतक्या वर्षांची सवय हातात असते, कानात नसते. त्यांनी टार्गेटवर डोळे लावले आणि ओढायला लागले. हात हनुवटीपाशी आला, पुढं गेला, कानापाशी आला, तरी चाललाच होता, सावकाश, निवांत, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय चाललंय ते. तो माणूस भिंत शोधत होता. माझ्या धनुष्याला भिंत नव्हती.

“चौगुले,” गुरुजी म्हणाले.

ऊस मोडावा तसा आवाज झाला.

बाण त्यांच्याच पायापाशी पडला. धनुष्याचं वरचं अंग मोडून दोरीला लोंबत राहिलं. बांबूची एक चिरफळी उडून त्यांच्या गालाला लागली होती आणि तिथून रक्ताची बारीक रेघ खाली येत होती.

“डोळा दाखवा,” हर्षदा धावत म्हणाली. “सर, डोळा उघडा आधी.”

“डोळ्याला काही न्हाई.” ते तिच्याकडे बघतच नव्हते. “मंदाताई, मला वाटलं अडंल ओ ते. मी थांबलोच असतो, ते अडलं असतं तर.”

“असू द्या, भाऊ. बसा तुम्ही आधी.”

ते चुन्याच्या रेषेवरच बसले. एवढा उंच माणूस खाली बसला की फार खाली बसल्यासारखा दिसतो. हर्षदा पिशवीतून कापूस काढायला गेली. गुरुजींनी मोडलेलं धनुष्य उचललं आणि जिथं तुटलं होतं तिथून अंगठा फिरवला.

मला वाईट वाटायला हवं होतं. ते धनुष्य सोडलं तर माझ्या मापानं दुसऱ्या कोणी केलेली वस्तू माझ्या घरात नव्हती. मी सगळ्यांची मापं घेते, माझं कोण घेणार? पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. धनुष्य मोडलं म्हणजे दुसरं लागणार. दुसरं लागणार म्हणजे ते करणारा माणूस लागणार.

“गुरुजी,” मी म्हणाले, “मला दुसरं करून द्या.”

त्यांनी मान वर केली. “दुसरं?”

“हो.”

“मंदाबाई, बांबू आत्ता कापला तर सावलीत वाळवावा लागतो. पावसाळा त्यानं घरात काढावा लागतो. दिवाळीपर्यंत त्याला हात लावता येत नाही.”

“होऊ द्या दिवाळी. मला घाई नाही. तुम्ही इथं बसून सावकाश करा.”

“ताई, शाळेतलं एक देते ना मी तोवर,” हर्षदा म्हणाली. “पडूनच आहे.”

“मला गुरुजींच्या हातचं पाहिजे,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्यानं बोललं गेलं. हर्षदानं कापूस पुन्हा भिजवला आणि चौगुले भाऊंचा गाल गरजेपेक्षा जास्त मन लावून पुसायला लागली. चौगुले भाऊ जमिनीकडे बघत राहिले.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मोडलेलं धनुष्य हलकेच गवतावर ठेवलं.

“चला,” ते म्हणाले. “मॅडमनी माझे बाण गवतात पेरलेत. ते काढू.”

शिट्टी वाजली नव्हती. पण आम्ही निघालो आणि हर्षदानं अडवलं नाही.

टार्गेटपाशी आलो तर गुरुजी वाकून गवतात बाण शोधायला लागले. मी टार्गेटातला एक काढला. भाजी त्यांनी विचारली नाही.

“तुम्ही धनुष्याचं बोलत नव्हता,” ते वाकूनच म्हणाले.

“नव्हते.”

“मुलीनं मला बोलावलं नाही,” ते म्हणाले. माझ्याकडे पाठ करून बोलणं त्यांना सोपं जात असावं. “मीच तिला फोन केला. म्हटलं, ने मला.”

“काऊन?”

गुरुजी सरळ उभे राहिले. त्यांच्या हाताला गवताची कुसळं लागली होती, ती ते एकेक करून काढायला लागले.

“इथून घरी गेलो की मी पुढच्या रविवारची वाट बघायला लागतो, मंदाबाई. सोमवारी सकाळपासून. पोरं सुट्टीची बघतात तशी. दुसरं काही सुचत नाही. या वयात एवढी वाट बघणं झेपत नाही मला. तिकडं नातवंडं आहेत, गडबड असते. वार लक्षात राहणार नाही.”

मला हसू आलं.

“सोमवारी यायचं होतंत की,” मी म्हणाले.

“कुठं?”

“दुकानात. सोमवारी दुकान उघडं असतं, गुरुजी. मंगळवारीही असतं. मला फक्त रविवारी सुट्टी.”

त्यांनी हाताचं शेवटलं कुसळ काढलं.

“हे सुचलं नाही मला,” ते म्हणाले.

“मलाही तुम्हाला ‘या’ म्हणायचं सुचलं नाही.”

पावलं वाजली. हर्षदा आणि चौगुले भाऊ आमच्या बाजूनं लांबच्या टार्गेटकडे चालले होते. चौगुले भाऊंनी गालावर कापूस धरला होता आणि आमच्याकडे मुळीच न बघण्याचं काम ते इतक्या कष्टानं करत होते की ठेचकाळले. भिंतीपाशी पोचल्यावर ती दोघं गुरुजींचे ते तीन बाण शोधायला लागली. त्यातला एक तर टार्गेटच्या कडेला सरळ दिसत होता. तरी शोधत राहिली.

“आता?” मी विचारलं.

“आता घर रिकामं करून दिलं. सामान काल गेलं. जावई दुपारी गाडी घेऊन येतो आहे. नातीला सांगून ठेवलंय, आजोबा येणार म्हणून.” ते थांबले. “आणि खरं सांगू का? हे सगळं नसतं तरी मी गेलो असतो. मला भीती वाटते.”

“कशाची?”

“सोमवारची,” गुरुजी म्हणाले.

नका जाऊ, हे वाक्य माझ्याजवळ तसंच शिल्लक होतं. जागा तीच होती आणि वेळही तीच. पण आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी कशाला घाबरवायचं? उद्या दुकानात येऊन बसले असते तरी सारखे दाराकडे बघत बसले असते. मला ते दिसलं. आणि दिसल्यावर ते वाक्य माझ्याच्यानं उचललं जाईना.

“बाण मिळाले का सगळे?” मी विचारलं.

“एक कमी आहे.”

“असू द्या.”

ती दोघं परत येताना दिसली तसे आम्हीही निघालो. रेषेवर आल्यावर गुरुजींनी आपला कामठा उचलला, त्याची दोरी उतरवली, ती गुंडाळून कामठ्याला बांधली आणि तो माझ्यापुढं धरला.

“हा ठेवा.”

“माझे हात नाही पुरायचे.”

“सगळा ओढू नका. पुरतील तेवढा ओढा.”

“मग बाण नाही पोचणार.”

गुरुजींनी विचार केला, वर्गात करत असतील तसा. “जवळून मारा,” म्हणाले.

मी धनुष्य मागितलं होतं, मला धनुष्य मिळालं. तक्रारीला जागा नव्हती. हर्षदानं त्यांच्या पाया पडून घेतलं, चौगुले भाऊही पडले. मी नमस्कार केला, रस्त्यात करत असू तसा. मग ते जिनिंगच्या कडेनं चालत गेले. हात रिकामे असल्यामुळे त्यांना ते कुठं ठेवावेत कळत नव्हतं; कधी मागं बांधत, कधी सोडत.

पुढच्या रविवारी जाऊ नये असंच मनात होतं. पण घरी बसून काय करायचं तेही ठरेना, म्हणून गेले. उशीर झाला होता. चौगुले भाऊ आधीच आलेले होते, गालावर पट्टी. आणि त्यांचं टार्गेट स्टँडसकट उचलून त्यांनी आणून ठेवलं होतं माझ्या टार्गेटच्या शेजारी. अगदी खेटून.

“तिकडं लांब जायचा कंटाळा येतोय ओ, ताई,” ते म्हणाले.

मी हर्षदाकडे बघितलं. ती दोरी चढवत होती. तिनं मान वर केली नाही.

एवढ्या जवळून त्या चाकांच्या धनुष्यानं मारणं म्हणजे हातभर अंतरावरच्या खुंटीला टोपी अडकवणं. गंमत काहीच नाही. उलट प्रत्येक बाण जाऊन त्याच ठिपक्यावर बसतो, आणि मागचा पुढच्याच्या शेपटीवर आदळून फुटतो. पहिल्याच फेरीत त्यांचा एक फुटला. मी आणि ते टार्गेटपाशी थांबलो. हर्षदा एकटीच लांब गेली होती.

“थंडी कमी झाली, न्हाई का?” चौगुले भाऊ म्हणाले.

“हो.”

“कोल्हापुरात एवढी नसती.”

“हो का?”

ते बोलायचं ठरवून आले होते आणि आणलेलं संपलं होतं. मग त्यांनी बूट बघितले. मी आभाळ बघितलं. दुसऱ्या फेरीत आणखी एक बाण फुटला. त्याचे तुकडे त्यांनी मला दिसू नयेत म्हणून खिशात घातले.

“चौगुले भाऊ.”

“हं?”

“ते टार्गेट उचला. जिथलं होतं तिथं न्या.”

“राहू दे की, ताई.”

“बाण फुटतायत तुमचे.”

“फुटू देत. मी तुमचं धनुष्य मोडलंच की.”

“त्यानं माझं काही मोडलं नाही. जे मोडायचं होतं त्याला तुमचा हातसुद्धा लागला नव्हता.”

त्यांनी गालावरची पट्टी चाचपली.

“आणि तुम्ही?” त्यांनी विचारलं. “इथं एकट्याच थांबणार?”

“थांबते की. तुम्ही सावकाश या.”

त्यांनी स्टँड खांद्यावर घेतला आणि निघाले. मधे एकदा थांबून वळून बघितलं. मी त्यांना हातानंच पुढं हाकललं.

तिसऱ्या फेरीला मी गुरुजींचा कामठा ओढला, हात पुरला तेवढा. दोन बाण अलीकडेच पडले. तिसरा टार्गेटच्या तळाशी कसाबसा रुतून लोंबत राहिला. शिट्टी झाली, आम्ही तिघं एकदम निघालो, आणि लगेच मी पोचले. ती दोघं पुढं चालत राहिली.

हर्षदाचा एक बाण भिंतीखालच्या गवतात गेला असावा. दोघं वाकून वाकून शोधत होती. माझे बाण केव्हाच काढून झाले होते. चौगुले भाऊ मधूनच सरळ उभे राहत आणि एवढ्या लांबून माझ्याकडे बघत. मी हात वर केला. शोधा, मी आहे इथं.